पानात टाकू नये

१७ जानेवारी

देवश्री नावाच्या डाएटिशियन मुलीने मला दिवसभरात खाल्लेलं सगळं मोबाइलवर लिहून पाठवायला सांगितलं आहे. अर्धी भाकरी, वाटीभर पालेभाजी, ताक. ते तिथे लिहिते. बाकीचं लिहायला भाचीकडून, शाल्मलीकडून, ही कोरी डायरी मागून घेतली. गेल्या वर्षीची आहे, पण मला चालते.

हकिगत अशी की माझ्या दादाचं, सूर्यकांतचं, लिव्हर निकामी होत आलं आहे. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही त्याने. नुसती चरबी साठत साठत ते टणक झालं म्हणतात. आता कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा कापून द्यायचा. देणाऱ्याचं पुन्हा वाढतं, घेणाऱ्याचंही वाढतं. सुचेतावहिनीचा रक्तगट जुळत नाही आणि शाल्मली सतरा वर्षांची. उरले कोण, तर मी. आसावरी, वय त्रेचाळीस, मुक्काम सांगली, धंदा लाडू-चकल्यांचा. ऐन संक्रांतीच्या गडबडीत वहिनीचा फोन आला, "आसावरी, तुझा ग्रुप जुळतो गं! कधी निघतेस?" मी म्हणाले, तिळगुळाच्या ऑर्डरी पोचवते आणि येते. एवढंच बोलणं झालं.

बंगळूरला येऊन तपासण्या केल्या तर माझ्याही लिव्हरवर चरबी. घराण्याचा वारसा, दुसरं काय. डॉक्टर म्हणाले, वजन सात-आठ किलो उतरवा, चरबी गेली की पुढचं बघू. मार्चमध्ये पुन्हा तपासणार आहेत. कापायच्या बकऱ्याला लोक आधी खाऊ घालून जाड करतात. बारीक करून कापायचा बकरा मीच पहिली असेन.

२० जानेवारी

देवश्रीने सांगितलेल्या सवयी वहिनीला माझ्याआधी पाठ झाल्या. जेवणापूर्वी पेलाभर पाणी. मोठं ताट बंद, त्याऐवजी शाल्मलीची लहानपणची सशांची थाळी. आधी काकडी-गाजर, मग भाजी-वरण, भाकरी सगळ्यात शेवटी. चहात साखर नाही. उभ्याने काही तोंडात टाकायचं नाही, स्वयंपाक करताना चव बघायची नाही. लिफ्ट नाही, चार जिने चढायचे. रात्रीचं जेवण सातच्या आत, मग खाली सोसायटीत फेऱ्या.

सगळं सोपं आहे. शहाण्या माणसाने एरवीही करावं असंच आहे. अवघड आहे ते एवढंच की मी पाणी पिते तेव्हा वहिनी बघत असते, जिना चढते तेव्हा ती मागे असते, आणि फेऱ्या मारते तेव्हा ती वर गॅलरीत उभी असते. सांगलीहून आणलेला माझा लाडवांचा डबा तिने पहिल्याच दिवशी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "राग मानू नकोस गं," म्हणाली. मी कशाला राग मानू? तिचा नवरा जायला आलाय.

एक सवय मात्र मला जमणार नाही. प्रत्येक जेवणात शेवटचे दोन घास पानात तसेच सोडायचे. "पोट भरलं की स्टॉप करायची हॅबिट लागते, मॅडम," देवश्री म्हणाली. ती पुण्याची आहे. तिला काय सांगू? आमच्या आईच्या राज्यात पानात टाकणं म्हणजे खून. टाकलंच तर तेच ताट संध्याकाळी पुन्हा समोर यायचं. कारल्याची भाजी समोर घेऊन मी रडत बसायची. आईची पाठ वळली की दादा हात लांबवून माझ्या ताटातलं कारलं खाऊन टाकायचा. त्यालाही कारलं आवडत नव्हतं.

२५ जानेवारी

आज रविवार, वजनाचा दिवस. काट्याभोवती सगळे जमले. वहिनी, शाल्मली, भांडी घासता घासता गंगव्वासुद्धा हात पुसत आली. दादा तेवढा पेपर वाचत बसला. थोडं उतरलं आहे. वहिनीने काट्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. माझ्या पायांची बोटं गावभर झाली. मिरजेहून अंबूमावशीचा लगेच फोन, "भाग्यवान आहेस बाई, भावाच्या उपयोगी पडतेस. तुझ्यामागे तरी कोण आहे? मोकळी तर आहेस."

मोकळी. आईचं करता करता लग्न राहून गेलं, त्याला आमच्याकडे हा शब्द आहे.

शाल्मली रात्री गळ्यात पडली. "आत्या, मी एटीन असते ना, तर मीच डोनेट केलं असतं. तू प्लीज चीट करू नकोस हां." मी म्हणाले, नाही करणार. आता हिला वेगळं काय सांगणार?

२९ जानेवारी

दादाचं काही खरं नाही. डोळे पिवळे, पोटात पाणी, पाय सुजलेले. तरी संध्याकाळी "स्वल्प फिरून येतो" म्हणून काठी घेऊन जातो. आज परत आला तेव्हा वहिनी अंघोळीला गेली होती. हळूच माझ्या हातात कागदाचं पुडकं दिलं. कोपऱ्यावरच्या बेकरीतलं दिलपसंद. खोबरं आणि टुटीफ्रुटी भरलेली जाड गोल पोळी असते, चतकोर कापून देतात. अजून गरम होतं.

"घे आसू. वहिनीला कळू देऊ नको."

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे की. खा. तुला आवडेल."

वहिनीने मला पूर्वीच सांगून ठेवलं आहे की या आजारात डोक्यात अमोनिया चढतो, माणूस भलतंसलतं करतो. त्यातलाच प्रकार असणार. पण हातात आलेलं अन्न टाकायचं कसं? गच्चीवर जाऊन खाल्लं. लोणी, वेलची, खोबरं. डोळ्यांत पाणी आलं. देवश्रीला कळवलं नाही.

४ फेब्रुवारी

पुन्हा आणलं. काल म्हैसूरपाक, आज परत दिलपसंद. उशीखाली, दुपट्ट्याच्या घडीत, एकदा तर माझ्या चालायच्या बुटात. ज्या माणसाला स्वतःला गोड वर्ज्य, मीठ वर्ज्य, तो हे विकत घेतो आणि वास घेत घरी आणतो. लहानपणापासून बेफिकीर. स्वतःच्या जिवाचीही पर्वा नाही. एकीकडे बायको माझा एकेक घास मोजते, दुसरीकडे नवरा मला चारतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी खाते आणि मग चार जिने दोनदा चढते.

८ फेब्रुवारी

वजन जैसे थे. शाल्मली क्लासला निघून गेली. वहिनीने माझ्यासमोर बसून हळू आवाजात विचारलं, "मी कुठे कमी पडतेय का गं? तेल जास्त होतंय का?" तिने स्वतः भात सोडला आहे, माझ्या सोबतीला म्हणून. तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत. मग ती एकदम वाकली आणि तिने माझे पाय धरले. मोठी भावजय, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी! मी किंचाळलेच, "अहो, काय करताय वहिनी!"

दारात दादा उभा होता. त्याने बघितलं आणि आत गेला.

१२ फेब्रुवारी

तोड काढली. दादा पुडकं देतो, मी घेते आणि सकाळी गंगव्वाला देते. ती बेळगावकडची, मराठी चांगलं बोलते. "तुमचे अण्णा लई मायाळू," म्हणाली. मायाळू कसले, अमोनिया आहे. पण तिच्या नातवंडांची चैन चालली आहे आणि अन्नही वाया जात नाही. आता वजन उतरेल.

१९ फेब्रुवारी

उतरलं. कपडे सैल झाले. सवयी अंगात मुरल्या आहेत, आता पाण्याचा पेला हात आपोआप उचलतो, साखरेचा चहा दिला तर तोंड वाईट होईल. फक्त ते शेवटचे दोन घास. रोज ठरवते आणि रोज थाळी पुसून ठेवते. त्या सशांचे कानसुद्धा चाटून पुसून लख्ख.

दादाने आज विचारलं, "मी देतो ते खातेस ना गं?"

"हो."

"मग बारीक कशी होतेस?"

"जिने चढते."

त्याने माझ्या सैल झालेल्या बाहीकडे बघितलं. "नको एवढे चढू," म्हणाला.

मला आज लिहून टाकायचं आहे. मला भीती वाटते. छातीखालपासून पोटापर्यंत चिरणार आहेत. देवश्रीच्या दवाखान्यात एका बाईने तिचा व्रण दाखवला, ती हसत होती, मला घेरी आली. काही झालं तर सांगलीच्या घराची किल्ली कोणाकडे आहे हेसुद्धा कोणाला माहीत नाही. आणि भीतीपेक्षा जास्त आहे तो राग. मला कोणी विचारलंच नाही. वहिनीने "कधी निघतेस" विचारलं, डॉक्टरांनी वजन विचारलं, मावशीने तर आधीच भाग्यवान ठरवून टाकलं. आणि ज्याला हवंय त्यानेही विचारलं नाही. एका शब्दाने नाही. समोरासमोर बसून "आसू, देशील का?" एवढं म्हणायला काय झालं होतं? बहीण म्हणजे काय घरातली वस्तू आहे, लागली की फडताळातून काढायची?

वजन उतरतंय तशी मी जवळ जवळ चालले आहे, त्या ऑपरेशनच्या टेबलाच्या. दर रविवारी सगळे टाळ्या वाजवतात.

२ मार्च

काही नाही. जिने, पाणी, ज्वारी. दादा दोन दिवस इस्पितळात होता, पोटातलं पाणी काढलं. खाटेवरून मला म्हणतो, "बेकरी बंद पडली नाही ना गं?"

१० मार्च

तपासणी झाली. चरबी गेली. डॉक्टर कौतुक करत होते, म्हणे तुमच्यासारखं शिस्तीने फार कमी लोक करतात. आता फक्त एका डॉक्टरीणबाईंशी एकटीने बोलायचं, मग सह्या, मग तारीख.

वहिनीने देवापुढे नारळ फोडला आणि माझ्या तळव्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "एवढा एक चालेल आज," म्हणाली. शाल्मली नाचली. दादा मात्र भयंकर चिडला. त्याला कसं कोण जाणे गंगव्वाचं कळलं होतं. तिच्यावर ओरडला, "अक्का, ती मिठाई तुझ्या पोरांसाठी आणत होतो का मी?" गंगव्वा बिचारी पदराने डोळे पुसत राहिली. मग तो खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. वहिनी म्हणाली, अमोनिया. मी म्हणाले, हो.

आनंदाने रडत असेल आत. मला मात्र कुठेच दार लावून घेता येत नाही, मी हॉलमधल्या दिवाणावर झोपते.

१६ मार्च

डॉ. प्रेमा. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, केसात अबोलीचा गजरा. वहिनी आत येत होती, तिला त्यांनी बाहेरच थांबवलं आणि दार लावलं. मला पाणी दिलं. हिंदीत बोलल्या, सावकाश, मला समजेल असं.

"आपको किसीने पूछा था?"

एवढाच प्रश्न. दबाव आहे का, पैसे मिळालेत का, असलं काहीतरी विचारतील म्हणून मी तयारी करून गेले होते. मी मान हलवली, नाही म्हणून.

त्या म्हणाल्या, मग मी विचारते. तुम्हाला द्यायचं आहे का? नाही म्हणालात तर बाहेर मी एवढंच सांगेन की रिपोर्ट जमला नाही. का ते कधीच कुणाला कळणार नाही, तुमच्या भावालासुद्धा नाही. आणि आज काहीही म्हणालात तरी उद्या बदलता येईल. 'हो'चं 'नाही' आणि 'नाही'चं 'हो'. माझा नंबर घेऊन ठेवा.

मी म्हणाले, "नहीं देना है।"

म्हणाले आणि खुर्चीतच सैल पडले. जानेवारीपासून पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. मग लगेच दाराच्या काचेतून वहिनीची पर्स दिसली, मांडीवर घट्ट धरलेली.

१७ मार्च

डॉ. प्रेमांनी बाहेर रिपोर्ट जमला नाही एवढंच सांगितलं, आणि चरबी परत आली असणार हे घरच्यांनी ठरवून टाकलं. वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी तिने कपाटाचं कुलूप काढलं, माझा लाडवांचा डबा आणून माझ्यासमोर ठेवला. "घे. आता कशाला कुलपात ठेवू."

शाल्मली माझ्याकडे बघत नाही. तिला वाटतं मी लपूनछपून खाल्लं. अंबूमावशी फोनवर म्हणाली, "दोन महिने जिभेला लगाम घालता आला नाही तुला?" मी म्हणाले, "नाही जमलं, मावशी." मरेपर्यंत मी आता हेच असणार. खाण्यापायी भाऊ घालवलेली बाई.

दादाला मृताचं लिव्हर मिळणाऱ्यांच्या यादीत घातलं आहे. यादी लांब आहे. डॉक्टर त्याच्याबद्दल बोलताना कॅलेंडरकडे बघत नाहीत.

सुटका झाली म्हणते खरी, पण लाडू घशाखाली उतरत नाही. मीच केलेला, माझ्याच हातचा.

१९ मार्च, पाडवा

इथे उगादी. शेजारून कडुलिंब आणि गूळ आला. वहिनीने दोन्हीकडची रीत म्हणून गुढीही उभारली आणि होळिगेही केल्या, इकडच्या पातळ पुरणपोळ्या. कर्तव्य म्हणून केल्या, चेहऱ्यावर काही नव्हतं.

दादाने अंघोळ करून नवा शर्ट घातला होता. दोन महिन्यांत असा तरतरीत दिसला नव्हता. पंगत बसली तेव्हा सशांची थाळी उचलून त्याने मोठं ताट माझ्यासमोर ठेवलं. वहिनी तूप आणायला आत गेली, शाल्मली तिच्या मागे. तर हा उठला, सुजलेल्या पायांनी, आणि स्वतः माझ्या पानात होळिगे वाढली. वर तूप.

"खा आता आसू. पोटभर खा. आता काट्यावर चढायचं नाही."

"दादा, तुला वाईट नाही वाटलं? रिपोर्टचं?"

"छे! परवापासून कशी झोप लागतेय बघ." मग आवाज खाली आणला. "मी किती खटपट केली. रोज ती बेकरी. चार पावलं चालायची तर दम लागतो मला. आणि तू आपली बारीकच होत गेलीस. शेवटी देवालाच दया आली."

डोकं अगदी ठिकाणावर होतं त्याचं. जानेवारीतही होतं.

"मग सरळ सांगायचंस ना! मला, वहिनीला."

"सुचेताला? ती तुझे पाय धरत होती ते बघितलंय मी. तिला कोणत्या तोंडाने सांगू, मला नको म्हणून? पोरीला काय सांगू? आणि तुला सांगितलं असतं तर तू हट्टाने दिलं असतंस. लहानपणापासून बघतोय." तो हसला. दात पिवळे, डोळे पिवळे. "तुला चिरायचं, माझ्यासाठी? नको गं. माझं झालंय सगळं बघून. खा, गार होतेय. पानात टाकू नये."

मी पहिला घास घेतला. वेलची, गूळ, तूप. दुसरा घेतला. आणि मला रडू आलं, ताटावर, सणाच्या दिवशी. दोन महिने मी या माणसावर दात खात होते की हा विचारत नाही. सगळ्या घरात माझा विचार करणारा हा एकटाच होता, आणि मी त्याला अमोनिया म्हणत होते.

उरलेली होळिगे मी ताटात तशीच ठेवली आणि हात मागे घेतला.

त्याला आधी कळलं नाही. "अगं, राहिली."

"राहू दे."

"आसू."

"पोट भरलं, दादा."

मग त्याला कळलं. चेहरा असा उतरला की मला बघवेना. त्याने हात लांबवला, माझ्या ताटाकडे, अगदी लहानपणी लांबवायचा तसा. ते संपवून टाकायला. मी ताट माझ्याकडे ओढून घेतलं.

"हे तुझ्याने संपायचं नाही," मी म्हणाले. "हे माझं मला बघू दे."

"नको गं," तो म्हणाला. "आसू, नको."

एवढ्या दिवसांत कुणी पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलं, आणि मी ते दिलं नाही.

गॅलरीत जाऊन डॉ. प्रेमांना फोन लावला. सण असूनही त्यांनी उचलला. मी सांगितलं, देना है। त्यांनी विचारलं, किसीने बोला आपको? मी म्हणाले, हो, भावाने, नको म्हणून. त्या म्हणाल्या, सोमवारी या, एकटीने. तेव्हाही बदलता येईल. भीती वाटतेय का? मी खरं ते सांगितलं, खूप.

आत आले तर वहिनी ताटं उचलत होती. माझ्या ताटाशी थांबली. दोन महिने तिने माझं ताट कधी असं बघितलं नव्हतं.

"हे काय? राहिलं?"

"राहिलं," मी म्हणाले. "वहिनी, हात धुऊन या. जरा बसा माझ्याजवळ."